चूक शेतकऱ्याची की ॲपची?

एका खरिपातली गोष्ट. आपल्याच भागातल्या एका गावातले पासष्टीच्या घरातले शेतकरी. अडीच एकर सोयाबीन, त्यात तुरीचे तास. अतिवृष्टीनं रान आठ दिवस पाण्याखाली राहिलं. मदतीसाठी ज्या ॲपवर माहिती भरायची होती, ती त्यांनी भरली. पुतण्याचा मोबाईल घेऊन स्वतः चिखल तुडवत बांधावर गेले, गट नंबर टाकला, पीक निवडलं, फोटो काढला, खालचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. काम झालं म्हणून घरी परतले. पुढे दोन महिन्यांनी यादी लागली, तीत त्यांचं नाव नव्हतं.

एस.टी.नं ते तालुक्याला गेले. खिडकीमागच्या कारकुनानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "काका, तुम्ही माहिती सेव्ह केलीय, सबमिट केलीच नाही. आता मुदत गेली."

"पण साहेब, हिरवी खूण आली होती की."

"ती सेव्हची. सबमिटचं बटण पुढच्या पानावर असतं. चूक तुमची आहे, काका."

ते गप्प परत आले. ही हकीकत सांगताना त्यांनी सरकारला नावं ठेवली नाहीत, कारकुनालाही नाहीत. ते स्वतःलाच बोल लावत होते. "माझंच चुकलं. आपल्याला त्यातलं कळत नाही," एवढंच म्हणाले. वाचकहो, पिकाच्या नुकसानीपेक्षा हे वाक्य आम्हाला जास्त लागलं. चाळीस वर्षं शेती केलेला, आभाळाकडे बघून पेरणीचा दिवस ठरवणारा माणूस एका बटणापायी स्वतःला अडाणी समजू लागला. आणि गावात विचारपूस केली, तर त्याच बटणाशी अडकलेले आणखी कितीतरी जण निघाले.

आमचं म्हणणं साधं आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यात एक जण पडला तर म्हणावं, त्याचं लक्ष नव्हतं. पण त्याच खड्ड्यात रोज माणसं पडायला लागली, तर माणसांना दोष देऊन भागत नाही, खड्डा बुजवावा लागतो. ज्या पडद्यावर गावोगावचे शेतकरी एकाच जागी चुकतात, तिथे चूक शेतकऱ्यांची नाही, पडद्याची आहे. ती ज्यानं घडवली त्यानं दुरुस्त केली पाहिजे, आणि दुरुस्त होईपर्यंत तिची शिक्षा शेतकऱ्याला होता कामा नये.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणतो असं नाही. या गोष्टीचं जगात एक स्वतंत्र शास्त्रच झालं आहे. इंग्रजीत त्याला ‘यूजर एक्सपिरियन्स’ म्हणतात, म्हणजे वस्तू वापरणाऱ्याला येणारा अनुभव. डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर त्यांनी १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात साधा दाराचा दाखला आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे दाराकडे बघून कळत नसेल आणि येणारे-जाणारे सगळेच चुकत असतील, तर दोष दाराचा, माणसांचा नाही, असं त्यांचं सांगणं. पुढे १९९३ मध्ये ते ॲपल या संगणक कंपनीत गेले आणि तिथून ‘यूजर एक्सपिरियन्स’ हा शब्द रूढ झाला.

पण खरं सांगायचं तर ही अक्कल आपल्या गावाला नवी नाही. तिफण आठवा. सुतार तिफण करायचा ती गिऱ्हाईकाची बैलजोडी बघून, रान काळं की मुरमाड ते विचारून. पेरणीच्या दिवशी एखाद्या नळ्यातून बी नीट पडेना झालं, तर शेतकरी तिफण घेऊन त्याच्या दारात उभा राहायचा. सुतार त्याला "तुला पेरताच येत नाही" असं म्हणत नसे. तो नळा तपासायचा, फण ठोकून नीट करायचा. कारण त्याच तिफणीच्या पिकातून खळ्यावर त्याचं बलुतं यायचं होतं. बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता, ती परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण वस्तू करणारा आणि वापरणारा एकमेकांच्या समोर होते, एवढं मात्र खरं. आज ॲप करणारा सुतार लांब शहरात बसतो. त्याचं बलुतं निविदेतून मिळतं. त्याला तुमचं रान दिसत नाही आणि तुम्हाला त्याचं दार माहीत नाही.

आता कोणी म्हणेल, कागद होता तेव्हा तरी काय सुख होतं? बरोबर आहे. ज्यांनी सातबाऱ्यासाठी तलाठी भाऊसाहेबांच्या मागे आठ-आठ दिवस हेलपाटे घातले, त्यांना हे सांगायची गरज नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की उतारा हातात, कोणाच्या सहीसाठी थांबायचं काम नाही. ही मोठी सोय झाली आणि ती मान्य करायला हवी. आमचा विरोध मोबाईलला नाही, संगणकाला नाही. आमचं भांडण वाईट घडणीशी आहे. चांगली आणि वाईट घडण यांत किती फरक पडतो, ते दोन कर्जमाफ्यांवरून बघा.

२०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नवरा-बायको दोघांचे आधार नंबर, बँकेची माहिती, अंगठा. भर पावसाळ्यात केंद्रांवर रांगा लागल्या, संकेतस्थळ अडायचं, लोक रात्री-रात्री जागले. जी माहिती बँकेकडे होतीच, तीच शेतकऱ्यानं पुन्हा रांगेत उभं राहून भरून द्यायची होती. नंतर दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी आली, ती डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. या वेळी शेतकऱ्यानं अर्ज भरायचाच नव्हता. बँकांनी कर्जखात्यांची माहिती दिली, तीवरून याद्या लागल्या, शेतकऱ्यानं आपलं नाव बघून फक्त आधारची खातरजमा करायची. फेब्रुवारी २०२० मध्ये आधी मोजक्या गावांच्या याद्या लावून बघितल्या, मग पुढच्या लावल्या. कोणाचं सरकार होतं हा इथे मुद्दाच नाही. कोणाला किती माफी मिळाली, कोण राहिलं, हा वाद वेगळा. काम एकच होतं, पण एका वेळी सगळं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवलं आणि दुसऱ्या वेळी ज्याच्याकडे माहिती होती त्याच्याकडून ती घेतली. सर्वांत सोपा फॉर्म तो, जो भरावाच लागत नाही. हे एक सूत्र राज्यकर्त्यांनी गाठीला बांधलं तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

पीक पाहणीचंही तसंच. गाव नमुना बारावर पिकांची नोंद तलाठ्यानं शिवारात फिरून करायची, हा नियम. पण एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. मग चावडीत बसूनच पाहणी व्हायची आणि मागच्या वर्षीचा ऊस पुढच्या वर्षीच्या उताऱ्यावरही उभा राहायचा. याला उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ठिकाण मोबाईलच नोंदवणार. कल्पना चांगली. माझं पीक मी सांगणार, यात शेतकऱ्याचा मानच आहे.

पहिल्या वर्षी अडचणींचा पाऊस पडला. चुकून दुसरं पीक निवडलं गेलं तर काय? सोयाबीनमध्ये तूर आहे, ती कुठे लिहायची? आपण नेमके आपल्याच गटात उभे आहोत हे कळायचं कसं? लोक बोलले, तलाठी बोलले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. आणि २०२२ च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली, तीत या गोष्टी बदललेल्या होत्या. नोंद केल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती करता येऊ लागली. मुख्य पिकाबरोबर मिश्र पिकं नोंदवता येऊ लागली. तुम्ही गटापासून किती लांब आहात ते पडद्यावर दिसू लागलं. शेतकऱ्यानं केलेली नोंद खरी धरायची आणि तलाठ्यानं दहा टक्के तपासायची, असं ठरलं. सगळं आलबेल झालं असं नाही. पण यातून एक गोष्ट शिकायची. ॲप म्हणजे दगडावरची रेघ नाही. तक्रार नेमकी केली, तर ते बदलतं. काल जी शेतकऱ्याची चूक म्हणून सांगितली जात होती, तिच्यावर आज पडद्यात सोय होते. मग काल ती चूक नक्की कोणाची होती?

अजून काय काय बदलायला हवं, ते तुम्हा-आम्हाला बांधावर दिसतं. पहिली गोष्ट मापाची. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, आणि पडदे विचारतात हेक्टर-आर. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ दोन एकर एकोणीस गुंठे, हे किती जणांच्या तोंडी आहे? दोन एकरवाला माणूस क्षेत्राच्या चौकोनात २ लिहितो. त्याला लिहायला हवं होतं ०.८१. रान तेवढंच असेल तर ॲप लाल अक्षरात हटकतं, ते तरी बरं. पण खातं मोठं असेल तर दोन एकराचे पाच एकर गुपचूप नोंदले जातात, आणि तपासणीत सापडलं की बनवाबनवीचा शिक्का शेतकऱ्यावर. खरं तर चौकोनाशेजारी ‘म्हणजे इतके एकर, इतके गुंठे’ एवढी एक ओळ आपोआप उमटली, तर हा सगळा घोळ टळतो. संगणकाला गुणाकार-भागाकार करायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी गोष्ट नावांची. कोकणातला कुळीथ देशावर हुलगा होतो. रब्बीच्या ज्वारीला कोणी शाळू म्हणतं. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे ज्याला घेवडा म्हणतात, तो बाजारात राजमा. पिकांच्या यादीत एकच नाव असेल तर शोधणारा माणूस यादी खाली-वर करून दमतो आणि जवळपासचं काहीतरी निवडून मोकळा होतो. तसंच बटणांच्या शब्दांचं. सेव्ह, सबमिट, ड्राफ्ट, इनव्हॅलिड, सेशन एक्सपायर्ड. हे शब्द नुसते देवनागरीत लिहिले म्हणून मराठी होत नाहीत. आणि उलट, ‘जतन करा’, ‘सादर करा’ असलं छापील मराठी लिहूनही भागत नाही. ‘माहिती ठेवली आहे, अजून पाठवलेली नाही’ असं सरळ लिहिलं असतं, तर आमच्या त्या काकांचं पीक यादीत आलं असतं.

तिसरी गोष्ट नेटवर्कची. इथे एक गैरसमज आहे, तो काढून टाकू. मोबाईल ठिकाण ओळखतो ते उपग्रहांवरून. त्याला नेट लागतच असं नाही. मात्र नेट नसेल तर उपग्रह सापडायला मोबाईलला वेळ लागतो, कधी काही मिनिटं जातात. झाडाखाली, घरात किंवा खोल दरीत उभं राहिलात तर आणखी उशीर. म्हणून ठिकाण घेताना मोकळ्या रानात उभं राहा, ठिकाण चालू करून थोडा दम धरा. हे सांगायला ॲपला काय झालं होतं? ‘थांबा, ठिकाण शोधत आहे, उघड्यावर या’ एवढं लिहिलं तर माणूस थांबेल. नुसतं गोल फिरणारं चक्र दिसलं की तो समजतो बिघडलं, आणि बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

चौथी गोष्ट ओळख पटवण्याची. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो पाळीवर असतो, मोबाईल पेटीत ठेवलेला. काही मिनिटांत ओटीपी बाद. अंगठा लावावा म्हटलं, तर खुरपून, ऊस तोडून, शेण-मातीत काम करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र म्हणतं, हा माणूस तो नव्हेच. पीएम-किसानच्या दोन-दोन हजारांच्या हप्त्यांसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले. पुढे जून २०२३ मध्ये त्या ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. चांगलं झालं. पण अशी दुसरी वाट पहिल्या दिवसापासून असायला हवी. आधी दार लावून घ्यायचं आणि माणसं ताटकळल्यावर खिडकी उघडायची, ही रीत बरी नाही.

यात आणखी एक धोका आहे, त्याकडे नीट लक्ष द्या. पडदा अवघड झाला की माणूस आपला मोबाईल आणि ओटीपी दुसऱ्याच्या हवाली करतो. कधी तो केंद्रवाला असतो, कधी बाजारच्या दिवशी भेटलेला कोणीतरी. एका बाजूला बँक सांगते ओटीपी कोणाला देऊ नका, आणि दुसऱ्या बाजूला फॉर्मच असा की तो दिल्याशिवाय भरत नाही. मग खात्यातले पैसे गेले की पुन्हा म्हणायचं, शेतकऱ्याचीच चूक! भरणावळीचा खर्च वेगळाच. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं एक रुपयात पीक विमा होता. केंद्रचालकाला अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनीकडून मिळायचे, शेतकऱ्यानं एकच रुपया द्यायचा. तरीही जादा पैसे उकळल्याच्या तक्रारी आल्याच. अवघड फॉर्म हा मध्यस्थाचा धंदा असतो, हे आपण कागदाच्या काळापासून बघत आलो आहोत.

हे फक्त शेतकऱ्यांचंच रडगाणं आहे असं कोणी समजू नये. गावचे कर्मचारी याच जात्यात भरडले जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले, ते आठवत असेल. मोबाईल गरम व्हायचे, अडायचे, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीतून. मराठीतून नोंदवह्या वर्षानुवर्षं चोख लिहिणाऱ्या बाया एका दिवसात नापास ठरल्या. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण सर्व्हर बंद पडल्यावर लोकांच्या शिव्या खायचं काम तेच आहे. भाऊसाहेब, तुम्ही आणि शेतकरी या प्रश्नात समोरासमोर नाही. दोघंही एकाच पडद्याकडे डोळे लावून बसलेले आहात.

यावर वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर असतं, शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्या. प्रशिक्षणाला आमचा विरोध नाही. पण एक विचारतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला तुम्हाला कोणी शिबिर घेऊन शिकवलं होतं काय? आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या मावशीपुढे आज छापील चौकट आणि एक बोलकं यंत्र असतं. गिऱ्हाईकानं पैसे पाठवले की यंत्र मोठ्यानं मराठीत रक्कम सांगतं. मावशीला वाचता आलं नाही तरी अडत नाही, हात मातीचा असला तरी अडत नाही, मोबाईल बघावाच लागत नाही. हे यंत्र ज्यानं घडवलं, त्यानं मावशीला बाजारात बसलेलं बघितलं असणार. जी वस्तू नीट घडवली तिला शिबिर लागत नाही. ज्या वस्तूला दरवर्षी नवं शिबिर लागतं, तिच्यात खोट आहे असं खुशाल समजावं.

आपल्या महाराष्ट्रातला वारणेचा दाखला तर सगळ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसले. त्या काळी ही मोठी नवलाई. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन बघितलं, तर शेतकऱ्यांना त्या संगणकाकडून मोजकीच कामं हवी होती. माझ्या उसाचं वजन किती भरलं, खत किती मिळालं, एवढंच. मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवला आणि तीच माहिती साध्या मोबाईलवर एसएमएसनं देऊ केली. खर्च कमी झाला, सोय वाढली, आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा एसएमएस जास्त पसंत पडला. नवीन यंत्र आणणं ही मोठी गोष्ट नाही. माणसाला काय हवं ते आधी जाऊन बघणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि हे बघायला फार खर्च येतो असंही नाही. जेकब नील्सन नावाचे या विषयातले जाणकार आहेत. त्यांनी २००० मध्ये असं मांडलं की पाच माणसांना वस्तू वापरायला देऊन नुसतं शेजारी बसून बघितलं, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. पाच माणसं! म्हणून आमची शासनाकडे मागणी अशी आहे, की कोणतंही ॲप सक्तीचं करण्याआधी कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, प्रत्येक भागात ते पाच जणांच्या हातात द्या. त्यांत एक बाईमाणूस असावी, एक साठीच्या पुढचा, एक नेटवर्क नसलेल्या वाडीवरचा, एक साध्या मोबाईलवाला आणि एक तलाठी. ॲप घडवणाऱ्यांनी शेजारी बांधावर बसावं, शिकवू नये, बोलू नये, फक्त बघावं. माणूस जिथे थांबतो, तिथे पडदा बदलावा.

बाकीच्या मागण्याही अवघड नाहीत. नोंद झाली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत निरोप यावा, त्यात गट, पीक आणि क्षेत्र एकर-गुंठ्यात असावं. ती त्याची पावती. माहिती अर्धवट राहिली असेल तर मुदत संपण्याआधी तसा निरोप यावा. सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी कोणाला मंत्रालयात खेटे घालायला लागू नयेत. चूक दुरुस्त करायची सोय प्रत्येक नोंदीला असावी. आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही, ज्याचा अंगठा उमटत नाही, त्याच्यासाठी कागदाचा अर्ज गावातच, फुकट आणि तितक्याच किमतीचा धरला जावा. ॲप हा हक्कापर्यंत जायचा एक रस्ता आहे. रस्ता खचला म्हणून हक्क बुडत नसतो.

हे झालं सरकारचं. आता शेतकरी बंधू-भगिनींनो, आपलंही थोडं काम आहे. ॲप अडलं की नुसतं "चालत नाही" म्हणून सोडून देऊ नका. त्या पडद्याचा फोटो काढा. तारीख, वेळ आणि तिथे आलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. हिरवी खूण दिसली तरी यादीत आपली नोंद दिसते का ते दोन दिवसांनी पुन्हा उघडून पाहा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी सगळा महाराष्ट्र त्याच दारात उभा असतो. ओटीपी सांगायचाच झाला तर तो घरच्या माणसाला, स्वतः समोर असताना. आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनो, आजी-आजोबांचा मोबाईल हातातून काढून घेऊन भराभर बटणं दाबू नका. मोबाईल त्यांच्या हातात राहू द्या, तुम्ही शेजारी बसा. ते कुठे अडतात ते बघा आणि लिहून ठेवा. नील्सन साहेबांनी सांगितलेलं काम ते हेच.

सरपंच आणि गावचे अधिकारी यांना आमची एक सूचना आहे. ग्रामपंचायतीत एक ‘ॲप अडचण वही’ ठेवा. कोणतं ॲप, कोणत्या पडद्यावर, किती जण अडले, एवढे तीन रकाने पुरेत. पुढच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवा, ठराव करा आणि नक्कल तहसीलदार व तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवा, पोच घ्या. एकट्या काकांची तक्रार खिडकीशी मरते. शंभर गावांच्या वह्यांत तेच बटण दिसलं, तर कोणालाही ‘चूक तुमची’ म्हणायची सोय उरणार नाही.

काकांचं सोयाबीन गेलं ते गेलं, ती मदत आता मिळायची नाही. पण पुढच्या हंगामाआधी ते बटण बदललंच पाहिजे. त्यासाठी वहीतलं पहिलं पान तुम्ही लिहा.